सारोळ्याचा नर अंजीर

१६ जाने. १९४४, रवि.
सौ.ला घेऊन सारोळ्याला, सासुरवाडीस. पाय धुतो न धुतो तोच दत्तूनं मळ्यात नेलं. या मेहुण्याला दम म्हणून नाही. त्याच्या नर अंजिराला यंदा फळं धरलीत. भुसभुशीत, ढोरंही तोंड लावत नाहीत. द.नं एक चिरलं, आतली पिवळी भुकटी कागदावर झटकली, बारीक काचेच्या नळीत भरली आणि आपल्या गावठी अंजिराच्या कोवळ्या फळात बुडाच्या बारीक भोकातून, म्हणजे डोळ्यातून, फुंकली. मग दुसऱ्या फळात. मग तिसऱ्या.
"परदेशात ह्ये काम चिलटाएवढा किडा करतो, दाजी. हितं त्यो किडा न्हाई, म्हून म्याच किडा."
सगळे हसले. मीही. आता फळात उगवणारं बी धरेल, त्याची रोपं करायची, आणि मुंबईपर्यंत न नासता जाईल असं जाड सालीचं अंजीर काढायचं, असा बेत.
सौ. भावाकडे ज्या नजरेनं बघत होती तसं माझ्याकडे लग्न झाल्यापासून एकदाही बघितलेलं नाही.

१८ जाने., मंगळ.
डोक्यातून जात नाही. पाच वर्षांपूर्वी द. पुण्याच्या बागेत माळीकाम करी. तिथल्या साहेबानं नराच्या दोन काड्या दिल्या, त्यातली एक त्यानं मला दिली. मी मास्तर. पुस्तक वाचून लावली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. कुजली. त्यानं आठवड्यातून एकदा घातलं, त्याची जगली. सौ. अजून चारचौघींत सांगते, "आमच्या ह्यांनी लई लाड केलं काडीचं."
गेल्या साली द. म्हणालाही होता, दुसरी नेता का? म्हटलं, शाळेतून वेळ कुठं. वेळ होता. चौथीतून शाळा सोडलेल्याकडून भीक नको होती.

१३ फेब्रु., रवि.
चोरी केली. हो, केली.
सारोळ्यात सौ. आईजवळ, द. बैलं घेऊन नीरेवर. कलमाचा चाकू खिशात होता. (होता कसा? मीच घातला होता.) नराची वीतभर काडी कापली, कोटाच्या आतल्या खिशात. घरी गोठ्यामागं फुटक्या घागरीत लावली. सौ.ला सांगितलं, जास्वंद आहे.
या खेपेला पाणी बेतानं.

२७ फेब्रु., रवि.
जेवताना द. म्हणाला, "नराची एक काडी कुनीतरी नेली. काप उलट्या अंगाला हाय. डावखुऱ्याचा." मग ताकाचा भुरका मारून, "नेली तर नेली. जगवावी म्हंजे झालं."
माझ्याकडे बघितलं नाही. घास डाव्या हातात होता तो उजव्यात घेतला. दोन्ही गावांत डावखुरे काय थोडे आहेत!

९ एप्रिल, रवि.
दोन पानं! खरबरीत, एखाद्या लहान पोरीच्या तळहाताएवढी. आठ दिवस कुणावर ओरडलो नाही.
तिकडं द.चं बीही उगवलं. पुण्याच्या साहेबाचं पत्र आलंय, इंग्रजीत. म्हणून वाचून दाखवायला मी. स्तुती, स्तुती आणि स्तुती. 'अत्युत्तम' होतं तिथं मी 'बरं आहे' म्हणालो. शेवटी होतं की बागेत लष्कराचा तळ पडतो आहे, तिथलं नराचं झाड तोडलं जाईल, तेव्हा तुमच्याकडचं जिवापाड जपा. ते मी वाचलंच नाही. 'कळावे' म्हणून कागदाची घडी घातली.
का? उद्या सगळा गाव त्या झाडाला नारळ फोडायला जाईल म्हणून. दुसरं कारण नाही.

२ जुलै, रवि.
सासूबाई मळ्यात भेटल्या. "जावईबापू, तुमी शिकल्यालं. ह्या झाडाचं एक फळ तोंडात घालाया न्हाई. वांझच म्हनायचं का?"
म्हटलं, "तसंच म्हणायचं. अमावस्येला ग्रहण आहेच."
एवढंच बोललो. वांझ झाड ग्रहणात ज्यानं ठोकतात त्या मुसळाचं नाव काढलं नाही. त्यांच्यापुढं काढायची गरजही नव्हती.

२० जुलै, गुरु. आषाढ अमावस्या
सूर्यग्रहण. आभाळ भरलेलं, सूर्य दिसलाच नाही, नुसता उजेड मळका झाला. ज्यांची झाडं धरत नाहीत ते मुसळानं ठोकत होते, गावभर ढब ढब. सौ.नंही परसातल्या फणसाला दोन तडाखे दिले. मला सारोळ्याचे ऐकू येत होते. दोन कोसांवरून ऐकू येत नाहीत, हे मला कळतं.

२३ जुलै, रवि.
फणसाची साल निराळी, अंजिराची निराळी. सासूबाईंनी लेकाच्या भल्यासाठी मनापासून ठोकलंय. खोड चारी अंगांनी सोललेलं, चीक वाळून पांढरा पडलेला. द. शेणमाती लिंपत होता. आईला एक शब्द बोलला नाही. "तिला काय ठावं, दाजी?"
सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी शेणमातीची पाटी उचलून द.ला दिली.

१० सप्टें., रवि.
झाड वाळलं. द.नं वेळेवर काड्या काढून लावल्या होत्या, श्रावणाच्या झडीत त्याही कुजल्या. बियांची रोपं आहेत, पण त्यातला नर कोणता ते फळ धरेतोवर कळत नाही, तीन-चार वर्षं. काल पुण्याला जाऊन आला. "बागेत निस्तं तंबू, दाजी. झाड कवाच तोडलंय. त्या पत्रात ह्यातलं काय न्हवतं व्हय?"
"नव्हतं."
मनासारखं झालं. घरी येऊन जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टो., रवि.
घागरीतलं रोप कमरेएवढं झालं. दोन वर्षांत फळ धरेल. नीरेच्या दोन्ही काठांना नर अंजीर आता एकच आणि तो माझ्याकडं. आनंद व्हायला हवा. होतोही. मग द.चा चेहरा आठवतो.
सौ. दिवाळीची भाजणी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "जास्वंदीला अंजिराची पानं कशी वो?"
"तुला कधीपासून...?"
"चैतापास्नं. तुमी सुट्टीत मुंबईला गेलता, तवा पाणी कुनी घातलं?"
म्हणजे जगवली तीही हिनंच! तेवढंही श्रेय माझं नाही. या भावाबहिणींनी मला कुठं म्हणून जागा ठेवलेली नाही.
थोड्या वेळानं म्हणाली, "भाऊबिजंला दत्तू येतोय. त्यो ओवाळनी टाकंल. तुमी काय देताय त्याला?"

१९ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
पहाटेपासून घागर दोनदा अंगणात आणली, दोनदा गोठ्यामागं नेली. दिली की झाड परत त्याचं, नाव त्याचं, पत्रं त्यालाच, आणि वाचून दाखवायला मी. काडीची चोरी तो हसून सोडील, सोडलीच आहे. पत्राचं काय? पत्र अजून त्याच्या ट्रंकेत आहे. उद्या कुणी इंग्रजी जाणणारा भेटला तर?
सौ. ताट करता करता म्हणाली, "पानं गळतील अशानं. कुठंतरी एका जागी ठिवा."
ओसरीवर ठेवली. वर पोतं टाकलं. पोत्यातून वरची दोन पानं बाहेर राहिलीत, ती काही केल्या आत बसत नाहीत.
फाटकात सायकल वाजली. सौ. निरांजन लावते आहे. द.चा आवाज: "दाजी, हायसा का घरात?"