उजवा गुडघा

४ जाने., रवि.
आजवर माझ्या हातचे शरीराचे नमुने: सागवानी मणका. कोपर. कान (कास्थी सायकलच्या ट्यूबची). चरबी मेणाची. विरल ऊतीला माडाच्या झावळीच्या बुंध्याची जाळी. रक्ताची बाटली, आत कोकमाचं आगळ. रक्तही संयोजी ऊतीच, सांगितलं की लोक हसतात. आणि हा उजवा गुडघा. शिक्षण नववी. शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई. बाकी सगळं बघून बघून.
गुडघ्यातल्या अस्थिबंधांच्या गाठी तेवढ्या सौ.च्या. तिच्या माहेरी जाळी विणतात.

९ जाने.
पुण्याचा शाळासाहित्यवाला बघून गेला. नजर गुडघ्यावरच. पुढच्या शनिवारी घ्यायला येतो म्हणाला.
भात, कालचंच कालवण. सांगायला घरात कोणी नाही.

१२ जाने.
विज्ञानाच्या बाईंनी गुडघा हातात घेतला. "मामा, पुढचा बंध वर बाहेरच्या बाजूला जातो ना? तुमचा आत गेलाय."
पुस्तक काढलं. बाई बरोबर. मागचाही उलटा. हाडं उजव्या पायाची, बंध डाव्याचे.

१३ जाने.
आठवलं. बांधताना मी गुडघ्याच्या पुढून, सौ. माझ्या समोर, म्हणजे गुडघ्याच्या मागून. म्हटलं, डावीकडे ओढ. तिने विचारलं होतं, "तुमच्या डावीकडं का माझ्या?" मी खेकसलो, "डावी म्हणजे डावी!" तिने स्वतःच्या डावीकडे ओढलं. मी तपासलं नाही. मी!
गणपतीत "ऱ्हावा तुमच्या हाडांसंगती" म्हणून म्हसळ्याला लेकीकडे गेली. चार महिने झाले.

१४ जाने.
दुसऱ्या सुतावर तिची गाठ मारून पाहिली. सात वेळा. माझी ओढली की सरकते. तिची केसभर हललेली नाही. सोडवावी तर...

१५ जाने.
फोन केला. म्हटलं, चूक माझी होती.
ती म्हणाली, "कंची? गुडघ्याची?"
येशील का बांधायला, विचारलं.
"पोराची शाळा हाय. बघते." नातू मागे रडत होता.
तिच्या वाटेवरची, दिघीहून इकडे आगरदांड्याला बोट किती वाजता लागते ते लिहून ठेवलं. उगाच.

१७ जाने., शनि.
शाळासाहित्यवाला आला. गुडघा चुकलाय, सांगितलं. "काका, कोण बघतंय एवढं?" म्हटलं, पोरं बघतात. आणि गाठी सौ.च्या आहेत, तिलाच सोडवू दे.
दुपारची बोट लागून गेली. संध्याकाळची आहे अजून.
गुडघ्याचे, आहे तसा, गाठींसकट, पुण्याचा तो चाळीस हजार रोख देत होता. नाही म्हटलं.