रिकाम्या ताटापाशी

त्लाकोलुला,
१२ ऑगस्ट १९९१

चि. फिदेन्सियो यास,
एउलालियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. तुझ्या रुफिनाने आजोबा मुके आहेत का असं विचारलं, हे वाचून मी आधी हसले आणि मग चुलीपुढे बसून रडले. मुके कसले! कालच सूप पांचट झालं म्हणून बाबांनी भरल्या खानावळीत माझे वाभाडे काढले. ते मुके आहेत ते फक्त तुझ्यापुरते.

त्यांचा राग मला समजत नाही असं नाही. गावाने रिवाजाप्रमाणे तुला वर्षभराच्या बिनपगारी पहाऱ्यावर नेमलं आणि तू सरळ मोन्तेरेची बस धरलीस. मग घरातून कोणीतरी जायलाच हवं म्हणून एकसष्टाव्या वर्षी तुझ्या नावाची पहाऱ्याची काठी हातात घेऊन बाबा वर्षभर गस्त घालत फिरले. पण त्यालाही आता नऊ वर्षं झाली, फिदे. सत्तरीला टेकले ते. किती दिवस धरून बसायचं?

घरी आलास तर ते मागच्या खेपेसारखे परसदाराने निघून जातील. म्हणून माझं ऐक, घरी येऊच नकोस. खानावळीत ये, गिऱ्हाईक म्हणून. बाबा अडीच वाजता दाराजवळच्या टेबलावर असतात. तू भिंतीकडे बस, जेव, आणि ते जेवत असतानाच ऊठ. जाणाऱ्याने जेवणाऱ्यांना सावकाश होऊ द्या म्हटल्याशिवाय माझ्या खानावळीचा उंबरा आजवर कोणी ओलांडलेला नाही, आणि म्हटल्यावर आभार मानले नाहीत असंही झालेलं नाही. बांधावरून ज्या प्रोस्पेरोशी बाबा अकरा वर्षं कोर्टात भांडतायत, त्यालाही ते रोज आभारी आहे म्हणतात. मग तुला कसे म्हणणार नाहीत? एकदा तोंड उघडू दे, पुढचं मी बघते.

कळावे. धुराने डोळे गेले तरी तुझी वाट बघणाऱ्या ताईवर लोभ असू दे.

तुझी,
एउलालिया


मोन्तेरे,
३० ऑगस्ट १९९१

ती. ताईस,
फिदेन्सियोचा सा. न. वि. वि.

तू खानावळ काढलीस हे बरं झालं, वकील झाली असतीस तर प्रोस्पेरोचं काही खरं नव्हतं.

युक्ती चांगली आहे, पण मला भीती वाटते. घरात त्यांनी पाठ फिरवली तर ते घरातल्या घरात राहतं. चार टेबलांसमोर मी म्हटलं आणि ते ताटात बघत बसले, तर मग मला परत यायला तोंड उरणार नाही. हे एकदाच करता येण्यासारखं आहे, ताई. बिनसलं तर संपलं.

तरी येतो. आमचा काचेचा कारखाना सप्टेंबरात चार दिवस बंद आहे. गुरुवारी, एकोणीस तारखेला, अडीचच्या आत पोचेन. काळ्या सुक्या मिरच्यांच्या दाट रश्श्यातलं कोंबडीचं मोले कर. इथे मोले म्हणून जे वाढतात, ते बघून आपल्याकडची कोंबडी ताटातून उठून जाईल.

लहान भावाचा धीर सुटणार नाही एवढी प्रार्थना आणि नेहमीचा लोभ, दोन्ही असू द्यावे.

तुझा,
फिदे


मोन्तेरे,
२९ सप्टेंबर १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बांधून दिलेलं मोले रुफिनाने बोटांनी चाटून संपवलं. निघायच्या घाईत तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. तू तव्यापाशी होतीस, तुला बाबांची नुसती हाक ऐकू आली. त्याआधीचं सांगतो.

बाबांनी आत येताच मला पाहिलं. परत फिरले नाहीत. टोपी खुंटीला लावून रोजच्या खुर्चीत बसले. बाबा अर्ध्या जेवणात असतानाच उठायचं असं मी बसमध्ये शंभरदा घोकलं होतं, पण उठलोच नाही. मी भाकरीच्या तुकड्याने ताट पुसत बसलो, इतकं की तुला धुवायला काही उरलं नसेल. प्रोस्पेरो उठला, आम्हाला सावकाश होऊ द्या म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकदमच आभार मानले. नऊ वर्षांत त्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला तो तेवढाच.

एकेक करून सगळे गेले. बाबांचंही ताट कधीच संपलं होतं. मी त्यांच्या उठण्याची वाट बघत होतो आणि ते माझ्या. अंबाडीच्या फुलांचं सरबत मी तीन पेले प्यायलो. शेवटी त्यांनीच टोपी उचलली. झालं, गेले, असं वाटलं. पण दाराकडे न जाता ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तोंड उघडलं, ताटाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग ती हाक, की एउलालिया, याला काहीतरी वाढ गं, रिकाम्या ताटाला मी काय म्हणू!

तू वाढून लगेच आत पळालीस. का पळालीस ते मला ठाऊक आहे. मी पहिला घास घेईपर्यंत ते उभेच होते. मग म्हणाले, सावकाश होऊ द्या. आणि गेले.

ताई, मला एकच सांग. आभारी आहे बाबा, असं माझ्या तोंडून निघालं का? तोंडात घास होता आणि डोळे भरले होते. मला खरंच आठवत नाही. त्यांनी म्हणावं आणि मी गप्प बसावं, असं झालं असेल तर मला झोप लागायची नाही. उलट टपाली कळव.

लोभ आहेच, तो वाढत जावा.

तुझा,
फिदे


त्लाकोलुला,
१४ ऑक्टोबर १९९१

चि. फिदेन्सियो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला काही ऐकू आलं नाही. मी मक्याच्या पोत्यावर बसून शालीच्या टोकाने नाक पुसत होते. म्हणून काल बाबांनाच विचारलं, की फिदे त्या दिवशी काही बोलला का. त्यांनी गरम चॉकलेटच्या पेल्यात पाव बुडवला. मग म्हणाले, बोलला, पण तोंडात घास घेऊन बोलायची त्याची खोड अजून गेली नाही, लेकीसमोर तरी नीट वागायला सांग.

ऐकलंस? आता झोप.

डिसेंबरात रुफिनाला घेऊन ये. दाराजवळच्या टेबलाला मी आणखी दोन खुर्च्या लावल्यात. बाबांनी पाहिल्या, काढ म्हणाले नाहीत.

कळावे. तुझा लोभ पोचला, तो आता इथेच आणून द्यावा.

तुझी,
एउलालिया

ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात बाबा टोपी घालून दारात थांबले. म्हणाले, त्याला लिही, पुढच्या खेपेला आधी त्याने उठायचं. मी सावकाश जेवणार आहे.