बैलांना पाणी पाजलं?

कळसाडी, ऊसतोडीच्या खोपीवरून

प्रिय दानियल,

तू फोन विकलास असं तुझ्या शेजारचा स्टीफन म्हणाला, म्हणून कागदावर लिहितोय. अक्षराला हसू नको. सातवीनंतर पेन धरला तो ट्रकवाल्यांच्या पावत्यांवर सही करायलाच. सध्या कळसाडीला ऊस तोडतोय, त्याआधी लोणखेड्याला पपई भरत होतो. पपईचा चीक लागला की हाताची कातडी कशी होते, तुला दाखवायला पाहिजे. असू दे.

तर मला रोज संध्याकाळी मेसेज येतो, "बैलांना पाणी पाजलं?" आता माझे बैल कुठले? आपल्याकडे कोंबडीसुद्धा टिकली नाही. दवाखान्यातल्या सुनिताताईंनी विचारलं होतं, गोळीची आठवण कोणत्या शब्दांत पाठवू, दुसऱ्याने वाचलं तरी कळायला नको. माझ्या तोंडून बैलच निघाले. गोळी घेतली की मी "पाजलं" लिहितो. मेसेज मशीन पाठवतं, हे त्यांनी आधीच सांगितलंय. तरी पण दानियल, सुरतला पुलाखाली पडलेलो असताना आपल्याला कोणी काही विचारत होतं का रे? मधे मी घसरलो, परत सुई घेतली. ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नशा केली त्या दिवशीही गोळी चुकवायची नाही."

आता गंमत ऐक. आमच्या टोळीत धुडकूआप्पाची बैलगाडी आहे. त्याने माझ्या फोनवर तो मेसेज पाहिला आणि त्याला वाटलं, मुकादमाने त्याच्या बैलांचं पाणी माझ्याकडे लावलंय. गडी एकदम खूश. बादली माझ्या हातात दिली. मी खरं काय सांगणार? तेव्हापासून रोज पाजतोय. नुसत्या शब्दातले बैल खुंट्याला येऊन उभे राहिले, बघ.

मागच्या आठवड्यात फोन बंद पडला. अंग मोडून येत होतं. पिशवी उचलली आणि गुजरातच्या हद्दीकडे निघालो, माल मिळतो त्या, तुला ठाऊक असलेल्या ठिकाणी. मागून आप्पाचा आवाज आला, "गोवाल, बैलस्नी पानी पिधं का रे?" त्याला गोळीचं माहीत नाही, सुईचंही नाही. पण माझे पाय पुढे जाईनात. परतलो, बादली भरली. बैल पीत होता, एकेक घोट त्याच्या गळ्यातून उतरताना दिसत होता. एवढं मोठं जनावर माझ्या हातच्या पाण्यासाठी थांबलं होतं. मी किती वेळ बघत उभा होतो काय माहीत. मग गोळी घेतली.

गोळी कशाची, ते तू अजून विचारलं नाहीस. एचआयव्हीची आहे, दानियल. आणि पुलाखाली आपली सुई एकच होती. कोणाचं कोणाला आलं ते शोधायचं नाही, मला ते नकोच आहे. तू फक्त तपासून घे. स्टीफन पत्र देऊन दारात थांबेल, त्याच्याबरोबर ताईंच्या दवाखान्यात यायला नीघ. ताईंना तुझं नाव मी सांगितलेलं नाही, ते तूच सांग. निघाला नाहीस तर मी कोयता ठेवून तुला न्यायला येतो.

वाट बघणारा, तुझाच
गोवाल