सासऱ्यांच्या वाटणीचा पेटा

आदरणीय मकोखादादा,

धाकट्या खाएम्बाचा नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि किताले गावच्या शेतातला मका तिन्ही सुधारत असतील अशी आशा करतो. इकडे मी सोडून सगळे मजेत आहेत.

शुक्रवारी माझे सासरे, नालियाकाचे वडील, 'महत्त्वाचं बोलायचंय' म्हणून जेवायला यायचे होते. त्यांच्यासाठी राखलेली कोंबडी मी सकाळी शाळेत नेली. (कापायचीच होती, तर पोरांनी का बघू नये? बावीस वर्षं मी प्राण्यांची लक्षणं फळ्यावर लिहितोय. पोरांच्या मते कोंबडी हा अजूनही मक्याच्या उगालीबरोबर खायचा एक प्रकार आहे.) पोट उघडलं तर आत पिवळ्या बलकांची रांग, मोहरीएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत! जीव कुठून सुरू होतो ते पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. वर्ग गप्प बसला, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच. मग मला चेव चढला. प्राण्याला अन्न बनवता येत नाही, खावं लागतं, आणि दात नसले तर खडे गिळून दळावं लागतं, हे दाखवायला मी पेटा, म्हणजे तिच्या पोटातली खड्यांची पिशवी, चिरला आणि सडू नये म्हणून औषधाच्या बरणीत घालून ठेवला. उरलेली कोंबडी बलकांसकट घरी पाठवली. पेटा कुणाच्या मानाचा असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी विसरलो.

सासऱ्यांनी रश्श्यात दोनदा हात फिरवला. "जावईबापू, माझा पेटा कुणी गिळला?"

मी खरं सांगितलं. (आयुष्यभर हीच खोड नडली.) "बरणीत आहे, बाबा. पोरं बघतायत."

"माझा मान बरणीत? आणि अंड्यावरची कोंबडी कापून वर मला पंख वाढतोस? ऊठ गं नालियाका, चल घरी!"

ती उठली. दादा, ती खरंच उठली, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून भांडी आणि मी एकमेकांकडे बघत बसतो. बरणी हेडमास्तरांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे, वर चिठ्ठी त्यांच्या नावाची. बावीस वर्षांची ही कमाई.

तुमचा,
खाएम्बा

ता. क. घरातले थोरले म्हणून तुम्हीच एक तगडा कोंबडा घेऊन म्हाताऱ्याकडे जा. पेटा तुमच्या हातानं वाढा. माझ्यावर आता कुणी कोंबडीचं पीसही सोपवणार नाही.

ता. क. दुसरा. म्हातारा काय सांगायला आला होता, ते काल शेजारणीकडून कळलं. नालियाकाला तिसरा महिना आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, दादा. महिनाभर तिला ओकाऱ्या होत होत्या आणि मी तिला सांगत होतो की माझ्या शर्टाला शाळेतल्या बरण्यांच्या औषधाचा वास येतो, त्यानंच होतंय, तू बाहेरच्या खोलीत झोप. ती झोपली. तेवढं तिला विचारा, आता ओकाऱ्या थांबल्यात का.