धोबिणीचं तिसरं कडवं

जुइज द फोरा,
१२ जून १९३०

आदरणीय थोरल्या मेव्हणीबाई दोना इदालिना यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बेलार्मिनो तावेइराचा, टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रिओची दमट हवा सांध्यांना वाईट, हे तुम्ही इथून निघालात तेव्हाच मी म्हणालो होतो, पण माझं ऐकेल ती तुमच्या घराण्यातली कसली! चिरंजीव, सूनबाई आणि ती खणखणीत आवाजाची नात खुशाल असतील अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मीच, दुसरं घरात आहे कोण! तब्येत ठणठणीत आहे (दात सोडून), भूक चांगली लागते (मी रांधलेलं समोर येईपर्यंत), झोपही लागते (दुपारी). झुल्मिराला मातीआड केली त्याला सहा वर्षं झाली, तेवढ्या काळात याने चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आता एवढं लांबलचक पत्र, म्हणजे नक्की काहीतरी काम काढलं असणार, असं तुमच्या मनात येईल. मुळीच काम नाही. आईशपथ नाही. सहज लिहायला बसलो.

गावची बातमी म्हणजे आपल्याकडे बोलपट येतोय. कुस्तोदिओ मालकांच्या अल्व्होराडा थिएटरात यंत्र बसणार. सां जोआंवच्या सणाच्या शेकोट्या विझल्या की दुसऱ्याच दिवशी सुतार येऊन जुना पडदा फाडून काढणार, नवा भोकाभोकांचा पडदा लावणार, आणि त्याच्यामागे कपाटाएवढे कर्णे उभे करणार. म्हणजे पडद्यामागची ती जागा, जिथे मी आणि झुल्मिरा उभे राहून गायचो, ती त्या कर्ण्यांना जाणार. मालक मला हे अगदी आनंदाने सांगत होते. मी म्हटलं वा, छान. मग घरी येऊन सूप ढवळलं आणि ते जळालं.

पण यंत्र यायला उशीर, आणि गिरणीजवळच्या दुसऱ्या थिएटरवाल्याने 'आमचे चित्र लवकरच बोलेल' अशा पाट्या लावूनही टाकल्या. मालकांचं डोकं फिरलं. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बेलार्मिनो, तुझी ती जुनी गाती फिल्म आहे ना? काढ बाहेर. बोलणारं यंत्र येईपर्यंत बोलणारी माणसं वापरू!" ती फिल्म तुम्हाला आठवत असणारच. खेचरवाला आणि धोबीण. आमच्या लग्नाच्या वर्षी फोटोवाल्याच्या गच्चीवर, रंगवलेल्या नदीपुढे काढलेली. मी खेचरवाला, झुल्मिरा धोबीण, तीन कडव्यांचं निरोपाचं गाणं. फिल्मला आवाज नाही, म्हणून आम्ही दोघं ती पत्र्याच्या ट्रंकेत घालून गावोगाव हिंडायचो आणि पडद्यामागे उभं राहून स्वतःच्याच चित्राला गाणं पुरवायचो. लोकांना वाटायचं चित्रच गातंय. (तुम्ही मात्र इथल्या प्रत्येक खेळाला पहिल्या रांगेत बसून तिसऱ्या कडव्याला फिदीफिदी हसायचात. मी उसने आणलेले घट्ट बूट घातले होते म्हणून हसता, अशी माझी समजूत. त्यावरून मी एकदा तुमच्याशी महिनाभर बोललो नव्हतो.)

आता खरं सांगतो, मालकांचा धंदा बुडो की तरो, मला त्याचं काय? मला पडदा फाटायच्या आत झुल्मिराला एकदा गाताना बघायचं होतं, बस. तिचा फोटो घरात आहे, पण फोटोत ती चर्चमध्ये बसल्यासारखी बसली आहे. अशी ती कधीच बसली नाही. फिल्ममध्ये ती हलते, झग्याला हात पुसते, मान वेळावते. फक्त आवाज नाही. माझा आवाज होता, तिचा कुठून आणणार? शिवाय माझाही आता कितपत उरलाय, देव जाणे. परवा वाण्याने "काय हवंय, काका?" असं विचारलं तर माझ्या घशातून नुसती खरखर निघाली. विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्याच्याआधी मी रविवारी बोललो होतो, तेही कुत्र्याशी, आणि कुत्रा शेजाऱ्यांचा.

मालकांनी धोबिणीच्या आवाजासाठी औषधवाल्याच्या बायकोला पकडलं. दोना यूफ्राझिया. चर्चच्या गाणाऱ्यांची पुढारी, देह दोन माणसांचा आणि आवाज चौघांचा. बाई गुणी आहे, नाही म्हणत नाही, पण फिल्मला गाणं पुरवणं म्हणजे देवाला आळवणं नव्हे. देव थांबतो, फिल्म थांबत नाही. मी तिला खुर्च्यांत बसवून फिल्म दाखवली, आणि आमच्या धंद्यातला पहिला नियम शिकवला: दुसऱ्याकडे बघायचं नाही, फक्त आपल्या चित्राचं तोंड बघायचं. ते उघडलं की उघडायचं, मिटलं की मिटायचं. एवढी वर्षं मी खेचरवाल्याच्या मिशीखालच्या ओठांवरून नजर काढली नाही, म्हणून तर माझी एक मात्रा कधी चुकली नाही. तिला बजावलं, "धोबीण उजवीकडे. तुम्ही उजवीकडे उभं राहायचं." बाईने तीनदा म्हणून दाखवलं, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे.

आणि इथेच मी, पडद्यामागे आयुष्य घालवलेला माणूस, गाढवासारखा फसलो. खुर्चीतून दिसणारी उजवी बाजू पडद्यामागे गेल्यावर डावी होते, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण मी कधी खुर्चीत बसलोच नव्हतो! त्या दिवशी पहिल्यांदा बसलो, आणि समोर उजवीकडे झुल्मिरा दिसली, तिथे माझी अक्कल संपली.

शनिवारी खेळ. थिएटर भरलेलं, पुढच्या सगळ्या रांगा गिरणीत कापडाचे माग चालवणाऱ्या बायकांच्या. चित्र मागून स्वच्छ दिसावं म्हणून पडद्यावर नेहमीप्रमाणे पाणी मारायचं होतं. ते काम मालकांनी हौसेने स्वतः केलं, आणि असं केलं की पडदा धुवायला टाकल्यासारखा ठिबकत होता. जूनचा ऐन हिवाळा, खाली पाण्याचं तळं, त्यात यूफ्राझियाबाई रेशमी झग्यात. दिवे गेले, चित्र लागलं, आणि बाई शिकवल्याप्रमाणे बिनचूक उजवीकडे जाऊन खेचरवाल्याच्या पोटाशी उभी राहिली. अंधारात मी तिला खुणा केल्या, कोपराने ढोसलं. पण हलेल ती यूफ्राझिया कसली! खेचरवाल्याने तोंड उघडलं आणि माझ्या मिशीतून चर्चमधल्या बाईचा आवाज निघाला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. आता बिचाऱ्या धोबिणीला मुकी कशी ठेवायची? मी दुसऱ्या टोकाला धावलो आणि माझ्या भरड्या आवाजात धोबिणीचं गाऊ लागलो. ("अरे, धोबिणीला सर्दी झाली रे!" असं गॅलरीतून कोणीतरी ओरडलं.) दोन कडवी तशीच रेटली. शब्द मला पाठच होते, आणि तोंड कुणाचं बघायचं? तर झुल्मिराचं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी माझं सोडून तिचं तोंड बघत होतो.

आता तिसरं कडवं. त्यात दोघं एकदम गातात, तुम्हाला माहीत आहे. आणि हेही माहीत आहे की त्या कडव्यात झुल्मिरा कधीच शब्द म्हणायची नाही, नुसतं आ-आ-आ करायची. त्यावरून आमची किती भांडणं झाली! मी म्हणायचो, "तुला चार ओळी पाठ होत नाहीत!" ती म्हणायची, "तुला तुझ्या तोंडापलीकडे काही दिसतं का रे?" आणि मी ते मनाला लावून न घेता झोपी जायचो. शनिवारी मी धोबिणीचे शब्द म्हणायला गेलो, आणि ते ओठांवर बसेनात. "नदीबाई, माझा निरोप ने" याला तोंड उघडावं लागतं. तिचे ओठ दोनदा घट्ट मिटले, मग हसले, मग तिने माझ्याकडे, म्हणजे त्या खेचरवाल्याकडे, बघून काहीतरी लांबलचक म्हटलं. ते गाणं नव्हतंच. ती माझ्याशी बोलत होती. फिल्मला आवाज नाही म्हणून गच्चीवर तिने मनातलं बोलून घेतलं होतं, आणि मी शहाणा तिच्या कानाशी उभा राहून जीव तोडून गात होतो, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पुढे इतकी वर्षं तिने तिथे आ-आ-आ करून ते झाकलं.

माझं तोंड उघडंच राहिलं, आवाज फुटेना. खेचरवालाही गप्प, कारण तेवढ्यात यूफ्राझियाबाईला शिंक आली. (एक नव्हे. मी मोजल्या नाहीत, पण पडदा हलला.) आणि मग मला जाणवलं की पुढच्या रांगांतलं हसणं थांबलंय. गिरणीतल्या साऱ्या बायका चिडीचूप होऊन झुल्मिराचे ओठ वाचत होत्या.

मागांच्या खडखडाटात तुम्हा बायकांना ओठांवरून बोलायची सवय, हे मी कसा विसरेन? तुम्ही दोघी बहिणी माझ्या जेवणाच्या टेबलावर आवाज न काढता बोलायच्या आणि माझ्या ताटाकडे बघून हसायच्या. खेळ संपल्यावर मी दारात उभा राहिलो. पहिली आली जोव्हेलिना, ती म्हातारी, तुमच्या शेजारच्या मागावरची. विचारलं, "काय म्हणाली ती?" जोव्हेलिनाने डोळे पुसले, मग हसली, आणि म्हणाली, "अहो, मागावर ओठांनी बोललेलं आम्ही कुणाच्या कानात घालत नाही. आमच्यात ते पाप. घरच्या माणसाला विचारा." मी म्हटलं, "घरात कोण आहे गं?" तर म्हणते, "मग तिच्या बहिणीला विचारा. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आम्हा सगळ्यांनाच आहे." म्हणजे बघा, अख्ख्या गिरणीला वीस वर्षं ठाऊक आहे की माझी बायको मला काय म्हणाली. ठाऊक नाही तो फक्त मी.

अर्थात मला काही पडलेली नाही. काय म्हणणार? शर्टाचं बटण तुटलंय म्हणाली असेल. किंवा, ओरडू नकोस मेल्या, माझा कान गेला. हे तर तिने पुढेही पुष्कळदा ऐकवलं. मी त्यावर फारसा विचार करत नाही. सकाळी कॉफी उकळताना करतो, आणि मग संध्याकाळी दिवा लावताना, आणि मधे थोडा. ती असताना घरात इतकं बोलणं होतं की मी कान बंद करून घ्यायचो. आता मी दार उघडं ठेवून बसतो की रस्त्यावरून कुणीतरी बोलत जाईल. फार एकटं वाटतं, इदालिनाताई. हे लिहायचं नव्हतं, पण शाईने लिहिलंय, आता पुसता येत नाही.

असो. गुडघ्याला कापराचं तेल लावत जा. चिरंजीवांना आशीर्वाद, नातीला माझ्या वतीने एक पेरूच्या वडीचा तुकडा. तुमच्या बहिणीच्या अजून न विकलेल्या घरातून,

तुमचा एकुलता एक मेव्हणा,
बेलार्मिनो

ता. क. झुल्मिराचं शिवणयंत्र, ज्याच्यावरून तुम्ही अंत्यविधीच्या दिवशी माझ्याशी भांडलात आणि मी "माझ्या मढ्यावरून न्या" म्हणालो, ते तेल घालून, पुसून, दाराशी काढून ठेवलं आहे. मढ्याची अट रद्द. पण ते पार्सलने पाठवता येत नाही, मोडेल. न्यायला तुम्हालाच यावं लागेल.

ता. क. दुसरा. शिवणयंत्राचं निमित्त आहे. या. सां जोआंवच्या आधी या. पडदा उतरायच्या आदल्या दुपारी मालक फिल्म एकदा फक्त माझ्यासाठी लावणार आहेत, थिएटर रिकामं असेल. मला पत्रातून कळवू नका, तुमच्यातलं ते पाप तुम्हाला नको लागायला. मी जोव्हेलिनाकडे चौकशी केली आहे. ती म्हणते, ओठ हलत असताना बरोबरीने मोठ्याने बोललं तर ती चुगली होत नाही, ती साथ होते. आणि तुम्ही दाराबाहेरून हाक मारलीत की मला नेहमी झुल्मिराच आली असं वाटायचं, इतका तुमचा आवाज तिच्यासारखा. गाणं म्हणू नका. तुम्ही डावीकडे (मागून डावीकडे!) उभ्या राहा, आणि ती बोलायला लागली की तेच बोला. शिवी असली तरी गाळू नका. सहा वर्षांत तिचं नवं काही ऐकलं नाही.

ता. क. तिसरा. माझी काळजी करू नका. या वेळी मी त्या कडव्याला तोंड मिटून उभा राहणार आहे.