लिहून ठेवायची सवय

१९ नोव्हेंबर १९२८, सोमवार
आज सोलापुरात रुजू झालो. देवी काढण्याच्या, म्हणजे लस टोचण्याच्या, खात्यात पक्की नोकरी! साखर पेठेत रत्नम्माच्या घरी माडीवरची खोली मिळाली. खाली तिचे दोन माग आहेत. दिवसभर खटक्-खटक् चालू, पण मला तो आवाज आवडला. रत्नम्मा तेलुगू वळणाचं मराठी बोलते, माणूस मायाळू. जेवायला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. बायको कधी येणार, हे पहिल्याच घासाला विचारून झालं. यशोदा आणि आमची चार वर्षांची वेणू तूर्त करमाळ्याला आहेत. घडी बसली की आणीन.

काम शिकवणारे शिवप्पा या खात्यात वीस वर्षं मुरलेले आहेत. त्यांनी मला बाजारात नेऊन खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्यायला लावली. कोणत्या घरी कोणतं मूल, देवी कोणत्या दंडावर काढल्या, आठव्या दिवशी फोड उठला की नाही, सगळं जागच्या जागी टिपायचं. म्हणाले, "लिवून ठेवलं की डोकं मोकळं ऱ्हातंय बघा."

२३ नोव्हेंबर
शिवप्पांचं खरं निघालं. आज सदतीस मुलांना देवी काढल्या. पूर्वी धावपळीच्या दिवशी घरी येताना डोक्यात नुसता कल्ला असे. आता वही मिटली की सगळं शांत. रस्ते, पत्ते, रत्नम्माने सांगितलेला निरोप, सगळं टिपतो. हात आपोआप खिशाकडे जातो. लहानपणापासून मी विसराळू म्हणून बोलणी खाल्ली. ही सवय आधीच लागायला हवी होती.

२९ नोव्हेंबर
आज जरा ओशाळवाणं झालं. गिरणीच्या चाळीत एका बाईने हाक मारली. कडेवरचं मूल पुढे करून म्हणाली, "डाक्टर, वळखलं न्हाय व्हय? मी गोजरबाई. आठ दिस झालं की, फोड बघा." मला बाई आठवेना, मूल आठवेना, ती चाळसुद्धा नवी वाटली. वही उघडली. माझ्याच अक्षरात सगळं होतं: गोजरबाई, मुलगा दीड वर्षाचा, डावा दंड, फार रडला, गूळ दिला. वाचताना दुसऱ्याच कुणाचं वाचतोय असं वाटलं.

२ डिसेंबर, रविवार
सुटी. खोलीत बसून नीट विचार केला. वहीत न टिपलेलं सारं आठवतं: रत्नम्माच्या मागावरचं हिरवं लुगडं, वाटेत भुंकलेलं कुत्रं. टिपलेलं एकही आठवत नाही. या रोजनिशीतलं राहतं, वहीतलं जातं.

मन घट्ट करून एक प्रयोग केला. आई पहाटे जात्यावर एक ओवी म्हणायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली, ओवी मात्र माझ्यापाशी आहे. ती वहीत उतरवली.

३ डिसेंबर
ओवी गेली. कागदावर शब्द आहेत. चाल नाही, आवाज नाही. जातं आठवतं. त्याच्यापाशी कुणीच बसलेलं नाही.
मी काय करून बसलो!

४ डिसेंबर
खात्याच्या डॉक्टरसाहेबांना दाखवलं. डोळे पाहिले, जीभ पाहिली. म्हणाले, नव्या कामाचा ताण आहे, दूध घ्या, आणि महत्त्वाचं असेल ते लिहून ठेवत चला.

५ डिसेंबर
भर दुपारी वही सिद्धेश्वरच्या तळ्यात टाकली. बुडालेली पाहिली. हलका होऊन परतलो. सदरा काढताना खिशात वही. नवी कोरी, पहिली दोन पानं भरलेली. दुकानदाराकडे धावलो. तो हसला. म्हणाला, तासाभरापूर्वी तुम्हीच नेली की, वर म्हणालात, वहीशिवाय चुकल्यासारखं होतं.
म्हणजे खोट वहीत नाही.

८ डिसेंबर
शिवप्पांच्या घरी गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोड हसले, खिशातून वही काढली, पानं चाळली आणि मग म्हणाले, "हां, कमलाकरपंत. करमाळा. या की." मी सारं सांगितलं. ते ऐकत होते आणि टिपत होते. मी ओरडलो, टिपू नका! ते थांबले नाहीत.
आतून एक म्हातारी चहा घेऊन आली. त्यांनी पुन्हा वही पाहिली. "रुद्राणी," ते वाचल्यासारखं म्हणाले, "पाहुण्यांना द्या." बाईंनी कप ठेवला. माझ्याशी हळूच बोलल्या, सात वर्षं झाली, रोज सकाळी बायकोचं नाव असंच वाचत्यात. मी विचारलं, यावर काही उपाय? त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

१० डिसेंबर
पेन्सिल मोडून फेकली. संध्याकाळी बोटं काळी. रत्नम्मा म्हणते, चुलीतल्या कोळशाने लिहीत होतात. उजवा हात पंच्याने खाटेला बांधून बसलो. हे डाव्याने लिहितोय — अक्षर वेडंवाकडं —
यशोदा आणि वेणूचं नाव वहीत येऊ द्यायचं नाही. बाकी सगळं जाऊ दे.

१३ डिसेंबर
यशोदाचं पत्र. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने करमाळ्याजवळच्या जेऊरहून निघतेय, दुपारी पोचते, वेणू रोज बोटं मोजते, स्टेशनावर या. नको येऊ म्हणून तार करायला निघालो होतो. तारघरापर्यंत गेलो. तिथे का आलो ते — परत आलो. परत येऊन हे पत्र पाहिलं. वहीत माझ्याच अक्षरात: "यशोदाला तार करणे."

१५ डिसेंबर, शनिवार
आज विशेष काही नाही. दिवसभर खोलीत. कुणाची तरी वाट पाहतोय असं वाटत राहिलं.
संध्याकाळी टांग्यातून एक बाई आणि लहान मुलगी उतरल्या. बाई रडत होती. म्हणाली, तीन तास फलाटावर बसलो, अहो, तुम्ही आला का नाहीत? मी म्हटलं, आपलं घर चुकलं असावं. रत्नम्माने कपाळावर हात मारला.
वही उघडली. माझं अक्षर. "शनिवार दुपार, स्टेशन. यशोदा व वेणू. विसरू नये."

१६ डिसेंबर
सकाळपासून ही रोजनिशी वाचतोय. यशोदा माझी बायको, हे कळतं. पण ही बाई —
ती खाली बसून भाकऱ्या करते. तिला सांगायला हवं, मुलीला घेऊन परत जा. सांगितलं. ती नाही म्हणाली.

१७ डिसेंबर
मुलगी मांडीवर येऊन बसली. जड, गरम. तेल लावलेल्या केसांचा वास. आठवेल — आत्ता आठवेल — छातीत काहीतरी हललं —
मी विचारलं, बाळ, तुझं नाव काय? ती खदखदून हसली. तिला खेळ वाटला. माझ्या कानात सांगितलं. किती गोड नाव. हे जाऊ द्यायचं नाही. हे मुळीच विसरायचं नाही.
खिशात वही — आहे. पटकन लिहून ठेवतो, म्हणजे