टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

उस्ताद, आज सकाळी नातवाची जीप अंगणातच हटून बसली. किल्ली फिरवली की नुसती घरघर. दोन शेजारी गोळा झाले आणि दोघांनीही पाच मिनिटांत इंजिनाच्या पेट्रोलपंपाला, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला, दोषी ठरवून टाकलं. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. ऐंशी उलटली की माणसाला कुणी काही विचारत नाही, हे एक सुखच आहे, फुकटची गंमत बघायला मिळते. शेवटी बॅटरीची तार सैल निघाली. पंप बिचारा बोलत नाही म्हणून सगळे त्याच्यावर ढकलतात, असं तुम्ही म्हणायचात, ते आठवलं आणि दुपारी वही घेऊन बसलो.

पैठण दरवाज्याजवळचा तुमचा कारखाना म्हणजे एक लिंबाचं झाड, पत्र्याचं छप्पर आणि खाली तेलानं काळी पडलेली जमीन. निजामाचं राज्य होतं, गावात मोटारी मोजक्याच, आणि त्यातली प्रत्येक कधी ना कधी तुमच्या दारात आलेली. मोटार सुरू होत नसली की बाकीचे मिस्त्री पाना उचलत. तुम्ही कान तुटलेला चिनी मातीचा कप उचलायचात. इंजिनाकडं येणारी पेट्रोलची नळी सोडवायची, खाली कप धरायचा आणि हँडल मारायला सांगायचं. कपात पेट्रोलची पिचकारी उडाली तर पंप ठीक, मग ठिणगी बघायची. नाही उडाली तरी पंपाला लगेच हात लावायचा नाही. पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं उलटं, वीतवीतभर, टाकीपर्यंत चालत जायचं. मी तेव्हा छावणीकडं राहणाऱ्या एका वकीलसाहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, तरी तुमचं काम बघताना मला चहाचीसुद्धा शुद्ध राहत नसे.

त्या वर्षी दसऱ्याआधी तुम्ही आमच्या मोटारीच्या पंपातला पेट्रोल ओढणारा पडदा बदलून दिलात. दसऱ्याला मी तिला धुतलं, झेंडूचा हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मनात आलं, जिथून हिच्या पोटात अन्न जातं ते तोंड तर तसंच राहिलं. म्हणून तेलात कालवलेला शेंदूर टाकीच्या झाकणावर चांगला जाड थापला. दोनचार दिवसांच्या उन्हात तो रंगासारखा कडक झाला. त्या झाकणाला बारीक भोक असतं आणि टाकी त्यातून श्वास घेते, हे मला कुठं ठाऊक होतं!

मग मोटार थांबायला लागली. आठदहा मैल गेली की गचके, मग गप्प, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू. एकदा गावातच झालं, ते वकीलसाहेबांनी सोडून दिलं. दुसऱ्यांदा ते कन्नडला कचेरीत तारखेला निघालेले आणि ती खुलताबादच्या घाटात बसली. तारीख चुकली. रागानं लाल होऊन ते झाडाखाली जाऊन उभे राहिले. परत आल्यावर बंगल्यावर उतरताना म्हणाले, "उद्या मला सांगायचं, दोष कुणाचा. तुझा असेल तर तू खोली रिकामी कर. उस्तादांचा असेल तर मोटार पुन्हा त्यांच्याकडं जाणार नाही." बंगल्यामागच्या त्या खोलीत माझी बायको आठवा महिना काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्यासमोर उभा आहे. तुम्ही कप धरला आहे, मी हँडल मारतो आहे, पिचकारी झकास उडते आहे. तुम्ही नळी पुन्हा जोडता, इंजिन चालू ठेवता आणि चहा मागवता. दुसरा चहा होतो तेव्हा कुठं इंजिन अडखळायला लागतं. तुम्ही माझ्याकडं न बघता विचारता, "वाटंत टाकीचं झाकण उघडून बघितलं व्हतंस का?" मी नाही म्हणतो. तुम्ही मागं जाता, झाकण फिरवता, हवा सुस्कन आत जाते आणि थोड्याच वेळात इंजिन पुन्हा सरळ चालायला लागतं. तुम्ही सुईनं भोक मोकळं केलंत, बोटावर आलेला शेंदूर पाहिलात आणि पोट धरून हसलात.

"अरे, मारुतीला चढवला तर चालतंय, त्याची ताकद न्यारी. ही गरीब मोटार हाय, हिला दम घ्यावा लागतोय."

तेवढ्यात वकीलसाहेब टांग्यातून उतरले. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढं झालात. "साहेब, पडदा मी बसवला, त्यातच कसर राहिली. ह्याचा काय कसूर नाय." ती मोटार पुन्हा तुमच्या दारात आली नाही. वकीलसाहेबांच्या ओळखीच्या आणखी दोन मोटारीही हळूहळू तुमच्याकडं यायच्या बंद झाल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी येऊन रडायला लागलो तर तुम्ही चिडलात. म्हणालात, "तुझ्या घरी पाळणा हलायचाय. मला कामाची काय ददात? गिरणीची इंजिनं हायेत, लोकांचे पाण्याचे पंप हायेत."

त्याच खोलीत थोरली झाली. तुमच्या घरून रेशमी हिमरू कापडाच्या तुकड्याचं टोपडं आलं. पुढं वकीलसाहेब हैदराबादेस गेले आणि मी तुमच्याच लिंबाखाली कामाला आलो, ते तुम्ही जाईपर्यंत. माझं बरं झालं, उस्ताद. पोरी शिकल्या, स्वतःचं गॅरेज झालं, आज जीपवाला नातू आहे. तुमची आठवण आली की मला वाईट वाटत नाही, भूक लागल्यासारखं वाटतं, तुमच्याकडचा चहा आणि पाव आठवतो.

हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा एवढं लिहून टाकतो. घाटात वकीलसाहेब झाडाखाली गेले तेव्हा मी झाकण उघडलं होतं. तो आवाज ऐकला होता, बुजलेलं भोकही पाहिलं होतं. नखानं खरवडून साहेबांना सांगितलं असतं तर चूक माझ्यापाशी थांबली असती. तसंच ठेवलं तर लोक पंप उघडतील, आणि पंपाला हात तुमचा लागलेला होता, एवढा हिशेब मी तिथं उभ्या उभ्या केला आणि झाकण होतं तसं लावून टाकलं. उस्तादांनी मला वाचवलं, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो. मीच तुम्हाला पुढं ढकललं होतं, हे अजून घरात कुणाला माहीत नाही.